थांबत थांबत

सकाळी चहा घेता घेता वृषाली ढगेंनी स्वतःला जिना उतरताना पाहिलं.

समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर त्याच होत्या. तोच फिकट निळा गाऊन, तीच सैल वेणी, उजव्या पायावर जरा जास्त भार टाकायची तीच सवय. पडद्यावरच्या वृषालीबाई तिसऱ्या मजल्यावरून निघाल्या, दुसऱ्यावर एकदा थांबल्या, कठड्याला हात लावून खाली आल्या आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. धापसुद्धा लागली नव्हती त्यांना. खुर्चीतल्या वृषालीबाईंनी मात्र चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, कारण एका हाताला तो पेलत नव्हता. त्या स्वतःच्या पायांनी अंगणात गेलं वर्षभर उतरल्या नव्हत्या.

"बघितलंत का अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "किती छान उतरते मी."

मुकुंद ढगेंना हसू आलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात निकाल झळकत होता. दिव्यांगत्व छत्तीस टक्के. पात्रतेसाठी किमान चाळीस. अर्ज नामंजूर. फेरतपासणीची मागणी केल्यास आपला प्रतिदेह पुन्हा रांगेत उभा राहील, आपण निश्चिंत राहावे.

"निश्चिंत!" मुकुंद उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "दोनदा झालं हे. दोनदा!"

पडद्यावरच्या त्या बाईला सरकारी भाषेत प्रतिदेह म्हणत. पूर्वी दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा म्हणजे शिबिर गाठावं लागे. दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळपासून माणसं आडवी पडलेली असत. ज्याला चालता येत नाही त्यानेच चालत येऊन ते सिद्ध करायचं, असा तो मामला होता. मग प्रतिदेह आले. अर्जदाराच्या मनगटाला पट्टा बांधायचा, घरात फळीवर एक तळहाताएवढा मापक ठेवायचा, आणि दोघांनी मिळून त्या माणसाची हुबेहूब संगणकी प्रतिकृती तयार करायची. पट्टा शरीराच्या हालचाली टिपत असे. जी हालचाल माणूस घरात करतच नाही, तिच्याबद्दल मापक गोड आवाजात प्रश्न विचारी आणि उत्तरांवरून प्रतिदेहाला ती शिकवी. रांगेत उभं राहायचं काम त्यापुढे प्रतिदेहाचं.

रांग संपली म्हणून मोठा समारंभही झाला होता, हारतुरे झाले होते. रांग संपली नव्हती, दिसेनाशी झाली होती. न दिसणाऱ्या रांगेची एक सोय असते. ती कितीही लांबली तरी कुणाच्या कचेरीच्या दारात येऊन बसत नाही.

वृषालीबाईंच्या आजाराचं नाव मायस्थेनिया. मज्जातंतूने धाडलेला निरोप स्नायूपर्यंत पोहोचता पोहोचता विरून जातो, असा हा आजार. त्याची खोड अशी की पहिल्या खेपेला सगळं जमतं. केसांतून कंगवा पहिल्यांदा व्यवस्थित फिरतो. आठव्या-दहाव्यांदा हात खांद्यापासून लुळा पडतो आणि कंगवा मांडीवर. पहिलं वाक्य खणखणीत, पाचवं नाकातून, आठवं कुणाला ऐकू येत नाही. मग जरा पडून राहिलं की पुन्हा सगळं बऱ्यापैकी. औषधं होती, नवीनही निघाली होती, पण वृषालीबाईंच्या वाट्याला आलेला प्रकार हट्टी निघाला. पंचवीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईचा आवाजच जावा, याचं त्यांना इतर कशाहीपेक्षा जास्त वाईट वाटे.

गेल्या हिवाळ्यात श्वासाचे स्नायूही थकले. बार्शीतल्या त्या जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या वसाहतीत लिफ्ट नव्हती. शेजाऱ्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तीन मजले खाली आणलं. वळणावर खुर्ची अडकली. रुग्णवाहिका खाली उभी, आणि बाईंचे ओठ निळे पडत चाललेले. डॉक्टर नंतर मुकुंदना बाजूला घेऊन म्हणाले, "वाचल्या. पण पुढच्या वेळी एवढे जिने उतरायला वेळ मिळेलच असं नाही. खाली राहायला जा."

खाली घर होतं. त्याच इमारतीत, तळमजल्यावर, चार नंबरचं. दिव्यांगांसाठी राखीव म्हणून त्याला कुलूप होतं. दारापुढे पायरीऐवजी उतार, न्हाणीघरात धरायला दांडे. चाळीस टक्क्यांचा दाखला आणा, तिसऱ्या मजल्याचं घर द्या आणि हे घ्या, इतकं सरळ होतं सगळं. फक्त ते चार टक्के येत नव्हते. आणि आता नोटीस लागली होती, की राखीव घरं या महिनाअखेरीस कुणी घेतली नाहीत तर सर्वांसाठी खुली होतील.

"तू तिला सरळ सांगत का नाहीस, मला जिना चढता येत नाही म्हणून?" मुकुंद मापकाला 'ती बया' म्हणत, पण ती ऐकत असते हे आठवून त्यांनी शब्द गिळला.

"खोटं कसं सांगू? येतो ना चढता. औषध लागू पडलेलं असलं तर थांबत थांबत चढेन की एखाद वेळी."

"एखाद वेळी! त्या एखाद वेळीपायी जीव जाईल तुझा."

"मुलांना पंचवीस वर्षं सांगितलं, खोटं बोलायचं नाही. आता मीच?"

मुकुंदना या बाणेदारपणाचा अभिमानही होता आणि त्या क्षणी भयंकर रागही आला. ते पुन्हा खिडकीशी गेले. खाली कुलूपबंद चार नंबरच्या दारापुढचा उतार दिसत होता.

फेरतपासणीची मागणी केली तेव्हा मापकाने लगेच प्रश्न सुरू केले. या खेपेस मुकुंद शेजारी बसून राहिले, म्हणजे बायको भिडेपोटी काही भलतं बोलली तर टोकता यावं.

"नमस्कार, वृषालीताई. आपण जिना चढू शकता का?"

"थांबत थांबत चढते."

"आपण थांबत जिना चढता. बरोबर?"

"हो."

"स्वयंपाक आपण स्वतः करता का?"

"करता करता हात खाली येतात. मग हे करतात पुढचं."

"आपण करता. पुढचं हे करतात. बरोबर?"

वृषालीबाईंनी मान हलवली, मग आठवून तोंडाने हो म्हटलं. इतक्या अदबीने विचारणाऱ्याला नाही म्हणणं त्यांच्या जिवावर येई.

"गेल्या काही महिन्यांत आपण कधी पडलात का?"

"परवाच न्हाणीघरात पडता पडता वाचले."

मापकाचा दिवा क्षणभर लुकलुकला. "आपण न्हाणीघरात पडून वाचन करता, अशी नोंद केली आहे. बरोबर?"

मुकुंदना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसू फुटलं. "न्हाणीघरात वाचन! अगं, मला कधी सांगितलं नाहीस ते!" ते गुडघ्यावर थाप मारून हसत होते. वृषालीबाई हसल्या नाहीत. हुशार मूल काहीतरी विचित्र बोललं की त्या जशा वर्गात मान तिरकी करून बघत, तशा त्या मापकाकडे बघत होत्या.

"थांबा हो जरा. मी काय म्हणाले, ते पुन्हा सांग बाई. माझ्याच शब्दांत."

"आपण म्हणालात, परवाच न्हाणीघरात पडता वाचले."

"पडता पडता म्हणाले मी."

"हो. पडता."

"हळूहळू."

"हळू."

"रडत रडत, धरून धरून, बसत बसत."

"रडत, धरून, बसत. आपण दुःखी आहात का, वृषालीताई?"

मुकुंदचं हसू कधीच थांबलं होतं. वृषालीबाईंचा आवाज एव्हाना नाकात गेला होता, पण डोळे चमकत होते. "अहो, ही एकेकदाच घेतेय शब्द. दुसरा टाकून देतेय."

मराठीत शब्द दोनदा म्हटला की अर्थ नुसता वाढत नाही, बदलतो. थांबत चढणारा माणूस एकदा थांबतो आणि वर पोहोचतो. थांबत थांबत चढणारा पोहोचेल की नाही, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. पडद्यावरच्या वृषालीबाई दुसऱ्या मजल्यावर एकदाच थांबल्या होत्या. मापकाने त्यांना तेवढंच शिकवलं होतं.

हे जिवंत माणसाच्या कानावर घालायला मुकुंदना फार खटपट करावी लागली. फोनवर तोच गोड आवाज येई आणि निश्चिंत राहायला सांगे. शेवटी ते बस पकडून जिल्ह्याच्या मापन केंद्रावरच जाऊन थडकले. तिथल्या दालनात खुर्च्याच नव्हत्या, कारण तिथे कुणी यावं अशी अपेक्षाच नव्हती. ते फरशीवर मांडी घालून बसले आणि उठेनात. तेव्हा कुठे तनुजा वाघचौरे नावाच्या पडताळणी अधिकारी बाहेर आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी वृषालीबाईंच्या पडद्यावर त्यांचा स्वतःचा, खराखुरा, जागरणाने सुजलेला चेहरा उमटला.

"काकू, तुमचं म्हणणं खरं आहे," त्या म्हणाल्या. "मी काल घरी जाऊन आईला मापकापुढे बसवलं. तिला गुडघ्यांचा त्रास आहे. ती म्हणाली, 'बसत बसत झाडते.' मापक म्हणाला, 'आपण बसता. आपण झाडता.'"

"पण असं का करतो तो?"

"त्यात अडखळ-गाळणी आहे. तोतरं बोलणाऱ्यांचे शब्द दोन-दोनदा येतात. जुना मापक त्यांना गोंधळलेले ठरवायचा, म्हणून त्यांनीच मागणी केली होती. गाळणी बसवली, एकामागे एक आलेला तोच शब्द ती काढून टाकते. त्या लोकांचा त्रास खरंच गेला हो."

"बनवणाऱ्यांना मराठी येत नव्हतं की काय?" मुकुंद मध्येच कडाडले.

"मराठीच होते सगळे. मीही होते तपासणीत." तनुजाबाईंनी नजर खाली वळवली. "आम्ही तपासताना वाक्यं लिहून, वाचून दाखवली. लिहिताना आपण कुठे असं बोलतो?"

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. वृषालीबाईंचा प्रतिदेह त्या हाताने दुरुस्त करू शकत होत्या. दाखला निघेल, घराचा तात्पुरता ताबा मिळेल, तीन महिन्यांनी कायम होईल. पण अर्जदाराने गाळणीचा दोष रीतसर नोंदवला तर नियमाप्रमाणे सगळे प्रतिदेह जागच्या जागी गोठतील, हाताने केलेल्या दुरुस्त्यांसकट, आणि सगळं मापन पहिल्यापासून होईल.

"म्हणजे घर?"

"घराला पुन्हा कुलूप. निदान ते सगळं संपेपर्यंत."

"आणि ताबा कायम झाल्यावर नोंदवला तर?"

"तेव्हा तुमचा अर्ज बंद झालेला असेल. बंद अर्जावर दोष नोंदवता येत नाही."

"मग तुम्हीच नोंदवा ना," वृषालीबाई म्हणाल्या. आवाज आता जेमतेम येत होता.

"मी सूचना पाठवली आहे. कर्मचाऱ्यांच्या सूचनांची रांग वेगळी आहे," तनुजाबाई म्हणाल्या आणि स्वतःच ओशाळल्या. "काय करू सांगा."

"दुरुस्त करा," मुकुंद म्हणाले. "आमचं दुरुस्त करा."

वृषालीबाई काही बोलल्या नाहीत. आवाज गेला होता हे खरं, पण नको म्हणून मान हलवता येत होती, आणि त्यांनी ती हलवली नाही. न हलवलेली मान म्हणजे होकार, असं त्या घरात पूर्वी कधी नव्हतं. त्या दिवशी झालं.

पडद्यावर प्रतिदेह पुन्हा जिन्याशी आला. या खेपेस तो चार पायऱ्या उतरून बसला, उठला, पुन्हा बसला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याने कठडा धरला आणि त्याची मान पुढे झुकली. वृषालीबाईंनी तोंड फिरवलं. स्वतःची अवस्था एवढ्या दिवसांत त्यांनी अशी बाहेरून पाहिली नव्हती. दिव्यांगत्व एकसष्ट टक्के.

तळमजल्यावर आल्यावर पहिले काही दिवस त्या दारातच बसून असत. अंगणात पोरं खेळत, कुणी धावत येऊन "बाई, बाई" करत गळ्यात पडे. उतारावरून चाकाची खुर्ची आपोआप अंगणात जाई. मुकुंद बाजारात जाताना आता मागे वळून बघत नसत. सुख होतं ते, आणि त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

पण त्या दारातून जिनाही दिसे.

दुसऱ्या मजल्यावरचे दळवेमामा रोज दूध आणायला उतरत. गिरणीतल्या कापसाने त्यांची छाती कधीचीच धरली होती. येताना पिशवी गळ्यात अडकवून ते चार पायऱ्या चढत, पायरीवर बसत, शिट्टीसारखा श्वास घेत, मग पुन्हा चार. त्यांचाही अर्ज नामंजूर झाला होता. एकतीस टक्के.

"मामा, मापकाला काय सांगितलंत तुम्ही?"

"काय सांगायचं? चढतो की म्हटलं, बसत बसत."

वृषालीबाईंनी त्यांना बसवून घेतलं. असं बोलू नका म्हणाल्या. चार पायऱ्या झाल्या की बसावं लागतं, असं सांगा. शब्द दोनदा नको. मामांनी मन लावून ऐकलं. "आता सांगा बघू, घरात कसं चालता?" मामा सावरून बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, "भिंतीला धरून धरून." मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. जन्मभराची जीभ एका दुपारी वळत नाही. आणि वळली असती तरी एका मामांना शिकवून काय होणार होतं? डोंगरातल्या एखाद्या वाडीवर, चाकाच्या खुर्चीत, कुणी म्हातारी याच वेळी त्या गोड आवाजाला खरं खरं उत्तर देत असेल.

"तुमचं झालं, लई बरं झालं," जाताना मामा म्हणाले. त्यात कुठेही खोच नव्हती. "आमचं बी हुईल हळूहळू."

त्या दिवसापासून वृषालीबाईंचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. पोरं आली तरी त्यांचं लक्ष जिन्याकडे. पायरीवरची ती शिट्टी त्यांना न्हाणीघरातही ऐकू येई. ताबा कायम व्हायची तारीख जवळ येत होती. मुकुंदनी दाराला रंग द्यायला घेतला होता, आणि रंगाच्या वासाने वृषालीबाईंना गुदमरल्यासारखं होई.

त्या संध्याकाळी दळवेमामा पहिल्या वळणावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. पोरांनी हात दिला तेव्हा उठले. वृषालीबाईंनी खुर्ची फिरवली आणि फळीवरच्या मापकासमोर नेली. ताबा तात्पुरता होता, तोवर मापक घरात ठेवणं भाग होतं.

"रांगेत अजून कोण कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"रांगेत कोण आहे, असं आपण विचारलंत," मापक म्हणाला. "रांगेत आता आपण नाही, वृषालीताई. आपण निश्चिंत राहा."

कोण कोण म्हटलं की माणसं येतात, पुष्कळ माणसं. कोण म्हटलं की एकच. त्यांनी माणसं विचारली होती आणि मापकाने त्यांना त्यांचंच नाव परत दिलं होतं. वृषालीबाईंना फार राग आला. तो राग मापकावर नव्हता. गेल्या दोन-अडीच महिन्यांत त्यांनीही तेच केलं होतं. पुष्कळांतून त्यांनी एकीलाच ऐकलं होतं.

"अहो," त्यांनी हाक मारली.

मुकुंद रंगाचा ब्रश हातात घेऊन आत आले. बायकोचा चेहरा आणि ती कुणासमोर बसली आहे हे पाहून त्यांना सगळं कळलं. एकतीस वर्षांच्या संसारात एवढं कळतंच.

"नाही," ते म्हणाले. "अगं, ओठ निळे पडले होते तुझे. मी खुर्ची धरली होती, मी पाहिलंय ते. तुला नाही दिसलं."

"दिसलं नाही. पण माझाच श्वास होता तो."

"दोष नोंदवलास तर किती दिवस लागतील, सांगता येत नाही. वर्ष लागेल. तोवर काही झालं तर?"

"माहीत नाही हो मला." आवाज खाली चालला होता. त्यांनी श्वास घेतला, उरलेला जपून वापरायचा म्हणून. "पण पुन्हा वर जावं लागलं, तर याल ना माझ्याबरोबर?"

 बाहेर जिन्यावर कुणीतरी शिट्टीसारखा श्वास घेत होतं. ब्रशमधून रंगाचा थेंब नव्या फरशीवर पडला, मुकुंदनी तो पायाने पुसला, आणि ओल्या हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"थांबत थांबत जाऊ," वृषालीबाई पुटपुटल्या.

फळीवरचा दिवा लुकलुकला.

"आपण थांबत जिना चढणार आहात," मापक अदबीने म्हणाला. "अशी नोंद करू का?"